जमातीची तांब्याची देग भंगारात देण्याआधी

लग्नसराई जवळ आली की अनेक गावांत आणि मोहल्ल्यांत जमातीच्या भांड्यांची खोली उघडली जाते. देगी, लगन, झाकणं, मोठे चमचे, पाण्याचे हंडे बाहेर निघतात. त्यात मागे कुठेतरी तांब्याच्या दोन-चार जुन्या देगी असतात. काळवंडलेल्या, एखादी कड निखळलेली, आतली कल्हई उडालेली. मग कमिटीच्या बैठकीत ठरलेलं वाक्य येतं, “ह्या देऊन टाकू, तांब्याला भाव चांगला आहे. त्या पैशांत ॲल्युमिनियमच्या नव्या येतील.”

हा निर्णय चूकच असतो असं आम्ही म्हणणार नाही. पण तो घेण्याआधी ती देग कशी बनली, तिच्यात नेमकं काय बिघडलं आहे आणि ते दुरुस्त होतं का, हे कळलेलं असावं. भंगारवाला फक्त वजन पाहतो. देगीची खरी किंमत वजनात नसते, ती हातोडीच्या कामात असते. वजनाने विकली की ती मेहनत फुकट जाते, आणि तशी देग पुन्हा घडवून घ्यायची तर कारागीर शोधत फिरावं लागतं.

सपाट पत्र्याची खोल देग कशी होते?

तांबं हा मऊ आणि चिवट धातू आहे. थंड असतानाही ते हातोडीखाली पसरतं, वळतं, आत दबतं. म्हणून तांब्याची भांडी साच्यात ओतून नाही, तर पत्रा ठोकून बनवतात.

आधी पत्रा मापून कातरीने गोल कापतात. जाडी इथेच ठरते. १ मिलिमीटर जाडीचा एक चौरस फूट तांब्याचा पत्रा साधारण ८३० ग्रॅम भरतो. आकाराच्या मानाने भांडं फारच हलकं लागलं तर पत्रा पातळ आहे असं समजावं. असं भांडं लवकर पोचतं आणि त्यात बुडाला लागतंही लवकर.

मग ठोकायला सुरुवात होते. पत्रा खोलगट ठोकळ्यावर ठेवून आतून ठोकत नेला की मध्यभाग खाली जातो आणि वाटीसारखा आकार येतो. यात धातू ताणला जातो, म्हणून खोली वाढेल तसा तो पातळही होतो. दुसरी रीत उलटी आहे. पत्रा लोखंडी ऐरणीच्या गोल टोकावर धरायचा आणि बाहेरून, एकामागून एक वर्तुळात ठोकत वर यायचं. प्रत्येक फेरीला भांड्याचा घेर थोडा आत येतो आणि भिंत उभी राहते. घेर आत येताना काठाला चुण्या पडतात. चुणी मोठी होऊन दुमडण्याआधी तिला ठोकून बसवावं लागतं. एकदा दुमडली की तिथेच भेग पडते. नवशिका कारागीर बहुतेक इथेच फसतो.

ठोकता ठोकता तांबं कडक होत जातं. हातोडीचा आवाज बदलतो, पत्रा आधीसारखा दबत नाही. त्या अवस्थेत जोर लावला तर तो चिरतो. म्हणून कारागीर थांबतो आणि भांड्याला ताव देतो. भट्टीत ते मंद लाल होईपर्यंत तापवलं की तांबं पुन्हा मऊ होतं. पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं तर कडक होतं. तांब्याचं तसं नाही, ते पाण्यात बुडवून गार केलं तरी मऊच राहतं. तावामुळे वर काळा थर येतो. तो आंबट पाण्याने किंवा सौम्य तेजाबाने काढायचा आणि पुन्हा ठोकायला बसायचं. ठोकणं, ताव देणं, साफ करणं, पुन्हा ठोकणं. खोल भांड्याला असे अनेक फेरे होतात.

मोठी देग बहुधा एका पत्र्यातून होत नाही. बूड वेगळं आणि भिंत वेगळी करून जोडतात. जोडाच्या कडेला दात कापतात, ते एकमेकांत अडकवतात आणि टाकणखार लावून पितळेची झाळ देतात. तांबं वितळतं १०८५ अंश सेल्सिअसला आणि झाळीचं पितळ साधारण ९०० अंशांच्या आसपास. हाच फरक कारागिराच्या कामाचा. पितळ वितळून जोडात शिरलं पाहिजे, पण तांब्याला धक्का लागता कामा नये. तुमच्या जुन्या देगीत बुडाजवळ दातेरी पिवळी रेघ दिसली तर ती भेग नाही, तो हा जोड आहे.

मठारकाम म्हणजे नुसती नक्षी नव्हे

आकार आला की शेवटचं मोठं काम उरतं, मठारणं. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने, आत ऐरणीचा आधार देऊन, ठोक्याला लागून ठोका असा सारा पृष्ठभाग मारून काढतात. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी याच कामासाठी ओळखली जाते. पेशवाईच्या काळापासून तिथे त्वष्टा कासार समाजाचे कारागीर तांब्याचं काम करत आले आहेत. हंडे, घंगाळं, पाणी तापवायचे बंब अशी किती तरी भांडी या हातांनी घडवली.

मठारल्याने भांडं चमकतं, हे दिसतं. पण त्याचं खरं काम वेगळं आहे. शेवटच्या तावानंतर तांबं मऊ असतं. तसंच ठेवलं तर उचलताना चेपेल. मठारल्याने ते पुन्हा कडक होतं, घाट पक्का होतो आणि पत्रा सगळीकडे सारखा बसतो. म्हणजे ज्या ठोक्यांनी आधी अडचण केली होती, तेच ठोके शेवटी भांड्याला बळ देतात.

हाताने मठारलेलं भांडं आणि यंत्रावरचं भांडं ओळखायचं कसं? लेथवर दाबून केलेल्या भांड्यावर बारीक, अगदी सारख्या गोल रेघा दिसतात. काही भांड्यांवर ठोक्यांचा ठसा यंत्राने उमटवलेला असतो. तो नीट पाहिला तर एकच नमुना पुन्हा पुन्हा आलेला दिसतो. हाताचे ठोके एका रांगेत असतात, पण दोन ठोके हुबेहूब सारखे नसतात. यंत्रावरचं भांडं वाईट असतं असं नाही. मात्र ते हातकाम म्हणून विकणं हा धोका आहे, आणि मालाची खरी ओळख लपवून विकायला आपल्या दीनमध्ये मनाई आहे.

कल्हई नसेल तर तांब्यात शिजवू नका

इथे आम्ही स्पष्ट बोलतो, कारण हा तब्येतीचा प्रश्न आहे.

तांबं आंबट पदार्थात विरघळतं. दही, लिंबू, चिंच, टोमॅटो, कोकम, सिरका यांपैकी काही उघड्या तांब्यात राहिलं की तांब्याचे क्षार अन्नात उतरतात. आपल्या आजी-नानी यालाच “कळकलं” म्हणायच्या. असं अन्न खाल्लं तर मळमळ, उलट्या, पोटात कळा असा त्रास होतो. आता बिर्याणीचा मसाला आठवा. दही आहे, लिंबू आहे, अनेक घरांत टोमॅटोही आहे. म्हणजे आपण देगीत जे सर्वांत जास्त शिजवतो, तेच उघड्या तांब्याला सर्वांत जास्त लागतं.

यावर जुना आणि पक्का उपाय कल्हईचा. कल्हई म्हणजे भांड्याच्या आत दिलेला कथिलाचा पातळ थर. भांडं आधी राखेने, वाळूने, तेजाबाने घासून लख्ख करतात. मग भट्टीवर तापवून आत नवसागराची पूड टाकतात. पांढरा धूर येतो आणि तांब्यावरचा उरलासुरला थर निघून जातो. त्याच क्षणी कथिलाची कांडी टेकवतात. कथील २३२ अंशांनाच वितळतं. कापसाच्या बोळ्याने ते झरझर सगळीकडे फिरवलं की लाल भांडं आतून चांदीसारखं पांढरं होतं. काम मिनिटांचं आहे, पण आच जरा जास्त झाली तर कथील काळं पडतं आणि कमी झाली तर गुठळ्या होऊन चिकटत नाही.

नवसागराचा धूर घसा आणि डोळ्यांना झोंबतो. कल्हई मोकळ्यावरच करून घ्यावी, लहान मुलांना लांब ठेवावं आणि कारागिरालाही तोंडाला कपडा किंवा मास्क लावायला सांगावं. वर्षानुवर्षं तोच धूर त्याच्या छातीत जातो.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. कथील महाग आहे, म्हणून त्यात शिसं मिसळण्याचा मोह होतो. शिसं विषारी आहे, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा अपाय सर्वांत जास्त. त्यामुळे “स्वस्तात कल्हई” हा सौदा करू नका. शक्य असेल तर भरवशाच्या दुकानातून शुद्ध कथील स्वतः आणून कारागिराला द्या. शुद्ध कथिलाची कांडी वाकवली की बारीक चरचर आवाज येतो. शिसं असं बोलत नाही, आणि कागदावर घासलं तर करडी रेघ उमटवतं. ही घरगुती पारख आहे, प्रयोगशाळेची तपासणी नव्हे. म्हणून भरवसा मालाच्या दुकानावर ठेवायचा.

कल्हई टिकवायची असेल तर एवढं पाळा:

• रिकामी देग चुलीवर तापत ठेवू नका. २३२ अंशांच्या वर कथील वितळून गोळा होतं.
• तेल-तूप धूर येईपर्यंत तापवू नका. बघार दुसऱ्या भांड्यात करून ओता.
• लाकडी कालथा वापरा. लोखंडी झाऱ्याने तळ खरवडू नका.
• तारेची घासणी आणि वाळू आतून लावू नका. चिकटलेलं अन्न कोमट पाण्यात भिजवून काढा.
• शिजलेलं अन्न रात्रभर देगीत ठेवू नका.
• आत तांब्याचा लाल रंग डोकावायला लागला की पुन्हा कल्हई करा. किती महिन्यांनी, याचा नियम नाही. वापरावर अवलंबून आहे.

जिथे कल्हईवाला मिळतच नाही, तिथे सरळ स्टीलच्या भांड्यात शिजवा. कल्हई उडालेल्या तांब्यापेक्षा ते शंभर पटीने बरं.

साध्या पिण्याच्या पाण्याची गोष्ट वेगळी. स्वच्छ घासलेल्या तांब्याच्या हंड्यात साधं पाणी ठेवायला अडचण नाही. पण त्यात लिंबू पिळू नये, आणि आत हिरवा थर आला असेल तर घासल्याशिवाय वापरू नये. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त तांबं नसावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तांबं अंगाला थोडं लागतं, जास्त झालं की बाधतं.

मग तांबंच कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. ॲल्युमिनियम स्वस्त आहे आणि वजनाला तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. चार माणसांना उचलावी लागणारी देग दोघे उचलतात. खर्च आणि श्रम पाहता त्याचा फायदा नाकारता येत नाही.

तांब्याची जमेची बाजू आच पसरण्यात आहे. उष्णता वाहून नेण्यात तांबं ॲल्युमिनियमपेक्षा दीडपटीहून जास्त आणि स्टीलपेक्षा वीस पटीहून जास्त सरस आहे. चुलीची आच एका जागी लागली तरी ती साऱ्या बुडात पसरते. म्हणून दमाला लावलेल्या बिर्याणीचा खालचा थर करपायची भीती कमी राहते. दुसरी बाजू आयुष्याची. तांब्याची देग पोचली तर ठोकून सरळ होते, भोक पडलं तर झाळून बुजतं, कल्हई उडाली तर पुन्हा होते. नीट सांभाळली तर ती आजोबांकडून नातवापर्यंत जाते. पातळ ॲल्युमिनियमचं भांडं वेडंवाकडं झालं की त्याला बहुधा भंगाराचाच रस्ता.

दीनच्या दृष्टीने पाहिलं तर खाण्यापिण्यासाठी सोन्या-चांदीची भांडी मना आहेत, तांब्या-पितळेला तशी मनाई नाही. रसूलुल्लाह ﷺ यांनी पितळेच्या भांड्यातल्या पाण्याने वुजू केल्याचा उल्लेख सहीह बुखारीत आहे. कुरआनमध्येही धातूच्या कामाचा जिक्र आला आहे. सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अ.) यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचं आणि हजरत सुलैमान (अ.) यांच्यासाठी वितळलेल्या तांब्याचा झरा वाहवल्याचं सांगितलं आहे. हजरत दाऊद (अ.) स्वतःच्या हाताच्या कमाईचं खात, हे हदीसमधून आपल्याला माहीत आहे. हातोडी चालवणाऱ्याकडे हलकं काम करणारा म्हणून बघण्याला आपल्याकडे जागाच नाही.

हातांचा हिशेब

महाराष्ट्रात तांब्याचं भांडं एका समाजाचं कधीच नव्हतं. घडवणारा बहुधा तांबट किंवा कासार. भाता, कोळसा आणि कथील घेऊन दारोदार “कल्हईऽऽ” अशी हाक देणाऱ्यांत मुस्लिम कारागीर मोठ्या संख्येने. आणि वापरणारी घरं सगळ्यांचीच. स्टील घराघरांत आलं तशी कल्हईची मागणी ओसरली आणि गल्लीतली ती हाक बंद होत गेली. ज्यांचे वडील कल्हई करत, त्यांच्यातल्या अनेकांनी दुसरा धंदा धरला. यात त्यांचा दोष नाही, काम मिळेनासं झालं.

इतर ठिकाणी काय झालं हेही पाहण्यासारखं आहे. काश्मीरमध्ये तांब्याचं काम आजही रोजच्या जगण्यात आहे. श्रीनगरच्या जुन्या शहरात झैना कदल भागात तांब्याच्या भांड्यांची दुकानं आहेत. तिथे घडवणारा वेगळा आणि नक्षी कोरणारा नक्काश वेगळा. वाजवानच्या दावतीत चार माणसं एका त्रामीत, म्हणजे कल्हई केलेल्या मोठ्या तांब्याच्या थाळीत, एकत्र जेवतात. १४व्या शतकात मीर सय्यद अली हमदानी (रह.) यांच्याबरोबर इराण आणि मध्य आशियाकडचे कारागीर आले आणि त्यांनी अनेक हुन्नर तिथे रुजवले, असं काश्मिरी लोक मानतात. यंत्रावरचा माल वाढला तेव्हा तिथे २००६ साली कायदा झाला आणि ठराविक तांब्याची भांडी यंत्राने बनवायला मनाई झाली. तरीही यंत्रावरचा माल बाजारात येत राहिला आणि कारागिरांची तक्रार संपली नाही.

दुसरं उदाहरण पंजाबातलं. अमृतसर जिल्ह्यातल्या जंडियाला गुरू इथल्या ठठेरा कारागिरांच्या तांबा-पितळ कामाला युनेस्कोने २०१४ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. महाराजा रणजितसिंहांच्या काळात काश्मीरकडचे कारागीर तिथे वसवले गेले असं सांगतात. म्हणजे हुन्नर जिथे काम मिळालं तिथे गेला.

या दोन्ही ठिकाणांहून आम्हाला एकच गोष्ट दिसते. कायदा आणि मान दोन्ही हवेत, पण कारागिराची चूल पेटते ती कामाच्या मागणीवर. आणि मागणी जमातीसारख्या संस्थाच देऊ शकतात. एका घराच्या एका पातेल्यासाठी कल्हईवाला लांबून येणार नाही. दहा देगी आणि मोहल्ल्यातल्या पन्नास घरांची भांडी एकाच दिवशी निघाली, तर तो नक्की येईल.

कमिटीने आणि घरांनी काय करावं?

पहिलं, देगी बाहेर काढून धुवा. पाणी भरून रात्रभर ठेवा. कुठून गळतं ते खडूने खूण करून ठेवा. कड निखळणं, पोचा पडणं, जोडातून झिरपणं आणि कल्हई उडणं ही चारही दुरुस्तीची कामं आहेत. बूड बऱ्याच जागी झिजून पातळ झालं असेल तर मात्र देगीचं आयुष्य संपत आलं असं समजा.

दुसरं, देग कोणी दिली ते जुन्या वहीत पाहा. एखाद्या मरहूमच्या सवाबसाठी ती वक्फ म्हणून दिली असेल, तर ती विकण्याचे नियम वेगळे आहेत. बैठकीत हात वर करून तो विषय संपत नाही. आधी मुफ्ती साहेबांना विचारा.

तिसरं, दुरुस्ती आणि कल्हईचा खर्च विचारा आणि तो नव्या भांड्यांच्या खर्चाशेजारी मांडा. भंगाराचा भाव एकदाच मिळतो, दुरुस्त केलेली देग पुढची कित्येक वर्षं वलीम्याला चालते. हिशेब मांडूनही विकणंच बरं वाटलं, तर विका. पण तो हिशेब जमातीसमोर ठेवून विका.

चौथं, लग्नसराईच्या आधी वर्षातून एक दिवस कल्हईसाठी ठरवा. जुम्माच्या नमाजनंतर त्याचं ऐलान करा. मोहल्ल्यातल्या हिंदू शेजाऱ्यांनाही सांगा, त्यांच्या माळ्यावरही तांब्या-पितळेची भांडी असतातच. कारागिराला घासाघीस न करता ठरलेली मजुरी त्याच दिवशी द्या.

पाचवं, मोहल्ल्यात कोणाचे वडील किंवा आजोबा हे काम करत होते का, ते विचारा. हात अजून चालत असतील तर त्यांना एका तरुणाला सोबत घेऊन बसायला सांगा. ठोक्याचा आवाज कधी बदलला, कथील कधी टेकवायचं, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. ते शेजारी बसून, पाहूनच येतं.

हे काम करणारे जे कारागीर आज उरले आहेत, त्यांच्या हातात अल्लाह ताकद ठेवो आणि त्यांच्या रोजीत बरकत देवो. आमीन. आपल्याकडून त्यांना काम मिळावं, एवढं तर आपण करू शकतो.